बाभळीनं प्यायलेलं तेल

आमच्या घरात तेलाची बाटली होती, ती खोकल्याच्या औषधाची. बाई, म्हणजे माझी आई, ती तव्यावर उलटी करून एक थेंब पाडायची आणि कांद्याच्या देठानं तो थेंब तवाभर फिरवायची. कालवणावर तवंग दिसला की आम्ही भावंडं विचारायचो, आज पाहुणे येणार आहेत का?

माझे वडील, अण्णा, दुसऱ्याच्या वखारीसाठी कुऱ्हाड चालवायचे. वखारवाला शेतकऱ्याकडून बांधावरचं उभं झाड विकत घ्यायचा. अण्णा आणि त्यांचे दोन जोडीदार ते पाडायचे, फांद्या सवळायचे, ओंडके करायचे. ज्या गावात झाड त्या गावात आमचं बिऱ्हाड, त्यामुळे माझी पहिलीची शाळा तीन गावांत झाली. अण्णांच्या डाव्या पायाला तीनच बोटं आहेत. दोन बोटं एका कडुनिंबाच्या खोडाशेजारी राहिली. त्या दिवशी वखारवाला आला, पायाला हळद दाबायला सांगितली आणि विचारलं, "उरलेले ओंडके कधी व्हतील मग?" मी सहा वर्षांचा होतो. तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

हे सांगताना माझा आवाज चढतो. मुलं म्हणतात, पप्पा, तुम्ही दरवेळी भांडायलाच बसता. बसतो. मला भांडायला शिकवणारी माणसं भरपूर भेटली.

मी बी.कॉम. झालो. आमच्या भावकीत माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक पाहिलं नव्हतं. नगरला वसतिगृहात राहून शिकलो, सुट्टीत अण्णांबरोबर करवत ओढली. पदवी हातात आल्यावर नागापूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये चिकटलो. तिथल्या सुपरवायझरला कुठून तरी कळलं की माझे वडील लाकडं तोडतात. मग लाकडी खोकी उघडायची असली की तो हाक मारायचा, "अरे, आपल्या घरच्या माणसाला बोलवा!" सगळे हसायचे. आठ महिने मीही हसलो. नवव्या महिन्यात घरी आलो आणि अण्णांना म्हणालो, "लाकूडच करायचं तर आपलं करू."

जामखेडच्या अलीकडे रस्त्याला जागा धरली आणि वखार टाकली. गावात माझं नाव पडलं बीकॉम. दत्ता कुणी म्हणेना. "बीकॉमच्या वखारीत जा." त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी मोजलं नाही.

लाकडाचा धंदा बाहेरच्याला सोपा वाटतो. झाड घ्या, कापा, विका. पण उभं झाड घेणं म्हणजे बंद पेटी घेणं आहे. आत काय आहे ते पाडल्यावरच कळतं. मी टेप घेऊन जायचो, बुंध्याचा घेर, खोडाची लांबी, वहीत गुणाकार. अण्णा काही मोजायचे नाहीत. कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर चार ठिकाणी ठोकायचे, कान लावायचे, बुडाशी बसून मुंग्यांनी वर आणलेली माती बोटांत चोळायचे. हिवरे बाजारच्या बाजूला मी एक मोठा निंब असाच गुणाकार करून घेतला. पाडल्यावर आतून एक माणूस उभा राहील एवढी पोकळी निघाली. "अण्णा, तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "व्हय." "मग बोलला का नाही?" "तू इचारलं कुटं?"

आमच्यात असं होतं. विचारलं तर सांगायचे, नाही विचारलं तर गप्प. आणि शिकलेल्या माणसाला विचारायची सवय लवकर सुटते.

वखारीत सरणाचं लाकूडही जातं. त्याचे काही रिवाज आहेत. त्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची नाही आणि निघताना त्याला "या" म्हणायचं नाही. आमच्याकडे एक निवृत्त तलाठी तात्या यायचे. त्यांनी स्वतःसाठी आंब्याचं लाकूड आधीच राखून ठेवायला सांगितलं होतं. दर महिन्याला यायचे, ढिगाला काठी लावून बघायचे. "बाभूळ घालू नको रे बीकॉम, लई रेंगाळती. पोरांना संध्याकाळची यष्टी गाठायची असती." तात्या पुढे नऊ वर्षं ठणठणीत जगले. त्यांचा ढीग मी तीनदा दुसऱ्यांना दिला आणि तीनदा नवा रचला. त्यांना ते कळत असणार. एकदा मला म्हणाले, "औंदा ढीग जरा उंच दिसतोय. मी जाड झालो का?"

ओंडके ओढायला बैल लागायचे, म्हणून बैलांचा धंदा शिकलो. घोडेगावच्या बाजारात पहिल्यांदा गेलो तेव्हा दलालानं उपरणं टाकलं आणि त्याखाली माझा हात धरला. बैलाचा भाव तोंडानं बोलायचा नसतो, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवायचा असतो. बाजूला उभ्या माणसालाही कळता कामा नये. मी हात काढून घेतला आणि म्हणालो, "बैल मारका नाही, बसका नाही, हे कागदावर लिहून द्या." दलालानं माझ्याकडे पाहिलं, मग बैलाकडे पाहिलं. "लिवून देतो की. पर त्यो वाचंल का?" अर्धा बाजार हसला. तरी मी पुढे बरीच वर्षं बैल घेतले, विकले. दात बघून वय सांगायला शिकलो, चालताना मागचा खूर कुठं पडतो ते बघायला शिकलो. मग ट्रॅक्टर आले आणि बैलाचं गिऱ्हाईक आटलं. चांगली जोडी दावणीला उभी, वैरण खाते, आणि विचारायला कुणी येत नाही. तेव्हा डोक्यात घाणा आला.

दहा-बारा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. शहरातले लोक लाकडी घाण्याचं तेल शोधत होते. माझ्याकडे लाकूड होतं, बैल होते, आजूबाजूला करडई पिकत होती. पुण्याचे एक शेठ, मोठं दुकान असलेले, फोनवर म्हणाले, "घाणा चालू झाला की मी स्वतः येतो. पसंत पडला तर तुमचा सगळा माल माझा."

घाण्याचं खरं काम उखळाचं. माणसाच्या कमरेएवढं जाड बाभळीचं खोड जमिनीत रोवायचं, वरून खोल कोरायचं. त्यात लाकडाची लाट उभी फिरते, बैल गोल चालतो, करडई रगडली जाते, गरम पाण्याचा हबका मारतात, आणि खालच्या भोकातून तेल येतं. उरते ती पेंड, ती बैलालाच. उखळाला बाभूळ जुनी, गाठ नसलेली, आत किडा न लागलेली लागते. अशी बाभूळ अण्णांना माहीत होती. खर्ड्याच्या अलीकडे एका वाडीवर, पारूबाईच्या बांधावर.

पारूबाईचा नवरा लवकर गेला होता. ती बाभूळ त्यानं राखलेली. मी दोनदा गेलो, दोनदा तिनं हाकललं. "इकायची न्हाई म्हनलं ना. कान हायेत का नुसती डिग्री हाय?" मग अण्णा गेले. झाडाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. मी लांब गाडीपाशी होतो, पण वारा माझ्याकडे होता.

"पारूबाई, घान्याला पायजे."

"कुनाच्या घान्याला?"

"आपल्याच. जळाया न्हाई न्येनार. हुबी ऱ्हाईल, काम करंल."

तिनं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत झाड पाहिलं. मग म्हणाली, "भाऊ, लेकीचं लगीन काढलंय. पाडव्याच्या पुढं. माज्या करडीचं तेल काढून देचाल? लग्नाच्या पुऱ्या माज्या रानाच्या तेलात झाल्या पायजेल. दुसरं काय नको मला झाडाचं."

"देतो," अण्णा म्हणाले. "लग्नाच्या आदी तुज्या दारात तेल यील. माजा शबूद."

अण्णांनी आयुष्यात कुणाला काही दिलं असेल तर ते एवढंच. द्यायला दुसरं काही नसायचं.

खोड आणलं, सावलीत वाळवलं. शिमोन नावाचे आमचे जुने सुतार होते, अण्णांच्या वयाचे. दोघांनी मिळून उखळ कोरलं. दर रविवारी शिमोनमामा चर्चला जायचे, तेवढी सुट्टी. अण्णा तेव्हाही कोरत बसायचे. घाणा उभा राहिला आणि मी शेठना पाडव्याचं आमंत्रण दिलं. पारूबाईलाही निरोप पाठवला, करडईची गोणी घेऊन पाडव्यालाच या. आमच्या पहिल्या घाण्याचं पहिलं तेल ज्या बाईनं झाड दिलं तिच्या करडईचं! शेठना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "वा, याचा व्हिडिओ करू."

आदल्या दिवशी अण्णा वखारीत आले. त्यांना कळलं होतं.

"दत्ता, उद्या तिची करडी घालू नको."

"का?"

"उखळ कोरं हाय. कोरं लाकूड आदी सवता पितं. आट दिस आपली करडी घाल, पोटभर पिऊं दे. मंग लोकांचं दानं."

"अण्णा, पाहुणे उद्या येणार आहेत. आठ दिवसांनी नाही."

"पावन्यांना पेंड दाव."

शिमोनमामा हसले. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "अण्णा, तुम्हाला लाकूड कळतं. धंदा मला कळतो."

या वेळी मी विचारलं नव्हतं, तरी ते बोलले होते. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली, बैलांच्या शिंगांना रंग दिला. शेठ आले, त्यांच्याबरोबर त्यांचा मोबाईलवाला. पारूबाई नवं लुगडं नेसून आली होती, गोणीच्या तोंडाला तिनं लाल दोरी बांधली होती. नारळ फुटला, तिची करडई उखळात पडली, बैल चालू लागला. पहिल्या तेलानं समई लावायची असं ठरलं होतं. शेठ काडेपेटी हातात घेऊन उभे.

तेल येईना.

बैल फिरतोय, लाट करकरतेय, करडईचा लगदा झाला, पाण्याचा हबका मारला, भोकाखाली ठेवलेलं पातेलं कोरडं. पहिला घाणा काढला, पेंड ओली जड निघाली. दुसरा घातला. बोटभर ओल आली, भोकाच्या कडेला चमकली आणि तिथंच जिरली. शेठ घड्याळ बघायला लागले. मोबाईलवाला म्हणाला, "सर, प्रकाश जाईल." सकाळचे अकरा वाजले होते, प्रकाश कुठं जाणार होता? पारूबाई कुणाकडं बघत नव्हती. ती फक्त पातेल्याकडं बघत होती.

मी मागच्या खोलीत गेलो. तिथं पाहुण्यांच्या जेवणासाठी दुकानातून आणलेला रिफाइंड तेलाचा डबा होता. एक तांब्या भरला, पंच्याखाली झाकून आणला, आणि लाट नीट करायच्या निमित्तानं वाकून भोकाच्या पन्हाळीत सोडला. तेल पातेल्यात आलं, सोनेरी, स्वच्छ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठनी समई लावली. मोबाईलवाल्यानं तीन वेळा घेतलं, तीन वेळा मला ओतावं लागलं. मी मनात म्हणत होतो, हिचं नंतर भरून देऊ. हिला काय कळतंय, आणि कळलं तरी आठवड्यात घरपोच चांगलं तेल देऊ. शिकलेला माणूस स्वतःला किती पटकन पटवतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

शेठ जेवून, करार करायचा शब्द देऊन गेले. मग पारूबाईच्या डब्यात पातेलं रिकामं केलं. तिनं एक थेंब तळहातावर घेतला, दुसऱ्या हातानं चोळला, नाकाशी नेला. पुन्हा चोळला.

"भाऊ," ती अण्णांना म्हणाली, "ह्याला वासच न्हाई."

करडईच्या कच्च्या तेलाला जरा उग्र, रानाचा वास असतो. ज्यानं ती पेरली, काढली, झोडपली, त्याला तो वास लपवता येत नाही. अण्णांनीही थेंब घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. तांब्या मी खाली ठेवलाच नव्हता, तो अजून हातातच होता.

"अण्णा, नंतर..." मी म्हणालो.

त्यांनी माझं ऐकलं नाही. आवाज न चढवता ते सगळ्यांसमोर बोलले. "पारूबाई, तुजं तेल लाकडानं प्यालं. ह्ये वरचं माज्या पोरानं वतलंय. दुकानाचं हाय. न्येऊ नको."

पारूबाईनं डबा ओतून दिला, मातीत. गोणीत अर्धी करडई उरली होती. लाल दोरी पुन्हा बांधली आणि यष्टीला गेली. मी मागं धावलो, "मावशी, आठ दिवस द्या मला." ती वळली नाही. मला वाटतं ती रागावली नव्हती. तिला लग्नाची बाकीची कामं होती.

अण्णा वखारीत आले, खुंटीवरची कुऱ्हाड घेतली. शिमोनमामांनी विचारलं, "कुठं निघाला?" "कामाला," ते म्हणाले. माझ्या वखारीत त्यांनी त्यानंतर पाय ठेवला नाही.

मी आठ दिवस माझी करडई घातली. पहिले चार दिवस लाकूड पीतच राहिलं. पाचव्या दिवशी धार लागली, आठव्या दिवशी उखळ आतून काळंभोर, गुळगुळीत, तेलकट झालं. पारूबाईनं आणलेली गोणी पूर्ण गाळली असती तर जेवढं तेल निघालं असतं तेवढं, वर आणखी थोडं, डब्यात भरलं आणि वाडीवर गेलो. मांडव घालायचं काम चाललं होतं. ओट्यावर पुठ्ठ्याची चार खोकी होती. पिशव्यांचं तेल.

"तुजा बाप परवाच आला हुता," पारूबाई म्हणाली. "डोक्यावर एकेक खोकं घिऊन यष्टीतून उतारला. वीटभट्टीवाल्याची लाकडं फोडत हुता म्हनं सात दिस. मी म्हनलं, भाऊ, कशाला? तर म्हनला, दारात तेल यील म्हनलो हुतो. आलं."

पासष्टीच्या पुढचा माणूस. तीन बोटांचा पाय. सात दिवस.

मी डबा पुढे केला. "मावशी, हे तुमचं. बघा, वास बघा."

तिनं वास घेतला. चेहरा जरा हलला. "करडीचंच हाय," ती म्हणाली. "पर ने माघारी. एका शबदाला दोनदा तेल घेत न्हाईत."

मी डबा घेऊन परत आलो. तो आम्ही घरात वापरला. बाई, माझी आई, तेव्हा होती. डबाभर तेल असूनही ती तव्यावर एकच थेंब पाडायची आणि कांद्याच्या देठानं फिरवायची.

धंदा वाढला. हे कडू आहे, पण खरं आहे: तो खोटा व्हिडिओच मला घेऊन गेला. शेठच्या दुकानात तो मोठ्या पडद्यावर चालायचा. अजून कुणी ना कुणी मला तो मोबाईलवर पाठवतं, खाली लिहितं, "हेच का तुम्ही?" त्यात मी वाकून लाट सारखी करतोय, मागं अण्णा उभे आहेत. अण्णांची नजर माझ्या पंच्यावर आहे. हजारो लोकांनी पाहिलं असेल. कुणाला ती नजर दिसली नाही. मला दुसरं काही दिसत नाही.

अण्णा आता धाकट्या भावाकडे गावात असतात. मी जातो. ते विचारतात, वखार कशी चाललीय, बैलांना गोचीड झाली का, तात्या तलाठी कधी गेले. घाण्याचं नाव काढत नाहीत. भावजय चहा करते, कधी भजी करते. तिच्या स्वयंपाकघरात पिशवीचं तेल असतं. दर दिवाळीला मी डबा पाठवतो, तो अण्णांच्या सांगण्यावरून शेजारी वाटला जातो. जिल्ह्यात आणि पुण्यात माझं तेल खाणारी शेकडो घरं आहेत, त्यात माझ्या बापाचं घर नाही. मी एकदा स्पष्ट विचारलं, "अण्णा, अजून किती वर्षं?" ते म्हणाले, "मी रागात न्हाई रं. मला ती चव लागत न्हाई."

बी.कॉम.ला याचं उत्तर शिकवत नाहीत.

गेल्या वर्षी सहावा घाणा बसवला. खोड उभं असताना मी चार ठिकाणी ठोकलं, कान लावला, बुडाची माती चोळली, टेप गाडीतच ठेवली. शिमोनमामांचा मुलगा उखळ कोरायला होता. उद्‌घाटन ठेवलं नाही, कुणाला बोलावलं नाही. आठ दिवस त्यात आमची करडई घातली आणि निघालेलं तेल विकलं नाही. नवव्या दिवशी शेजारच्या गावची एक बाई तिची करडई घेऊन आली. तिचं तेल पूर्ण भरलं.